टेक्सासहून जर्सीला निघालोय, कपाटातल्या बंदुकांचं काय करू?

वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न: ताई, नमस्कार. मी आणि बायको गेली अकरा वर्षं डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोमधे राहतोय, दोघंही ग्रीन कार्डवर, मुलगा दहा वर्षांचा, इथेच जन्मलेला. आता माझी नोकरी न्यू जर्सीत एडिसनला हलतेय, सहा आठवड्यांनी निघायचंय आणि गाडीनेच जायचा विचार आहे. अडचण अशी की माझ्याकडे चार बंदुका आहेत. एक ग्लॉक १९ पिस्तूल, एक एआर-१५ रायफल, एक पंपवाली शॉटगन आणि एक .२२ ची बोल्ट ॲक्शन रायफल. सगळ्या दुकानातून, बॅकग्राउंड चेक करून रीतसर घेतलेल्या. टेक्सासचं एलटीसी, म्हणजे बंदूक जवळ बाळगायचं लायसन्स पण आहे. मित्र म्हणतात सामानात टाक आणि चल, रीतसर आहेत ना मग कोण विचारतंय. बायको म्हणते सगळ्या विकून मोकळा हो. मला दोन्ही पटत नाहीये. ग्लॉक सोडवत नाही, घरात असली की मला रात्री बरं वाटतं. काय करू?
– फ्रिस्कोचा एक वाचक

उत्तर: मित्रांचं अजिबात ऐकू नकोस आणि बायकोचं अर्धं ऐक.

रीतसर आहेत ना हे जे मित्र म्हणतायत ते टेक्सासच्या हद्दीपर्यंत शंभर टक्के खरं आहे. पण तिथे कायदेशीर असलेली वस्तू जर्सीत आली की ती कुठून घेतली, कशी घेतली, पावती आहे का, हे जर्सीचा कायदा नंतर बघतो, आधी बघतो ती वस्तूच. आणि काही वस्तू अशा आहेत की त्या जवळ असणं हाच गुन्हा, तुझा हेतू किती चांगला होता याचा प्रश्नच येत नाही. आम्ही २०१९ ला ह्यूस्टनहून इथे आलो तेव्हा महिनाभर आधीपासून याद्या केल्या होत्या, बंदुका, मॅगझिन्स म्हणजे गोळ्या भरायचे खोके, सगळं तपासलं होतं, आणि इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी सामान लावताना माझ्या रेंजच्या बॅगेच्या बाजूच्या खिशातून वीस हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या, गोळ्यांचा डबा निघाला. मी तो हातात घेऊन जिन्यावर बसले होते ते मला अजून आठवतं. तीन दिवस तो डबा आमच्या गाडीत होता, पाच-सहा राज्यं ओलांडून आला होता. काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं, आणि ज्याचं झालं त्याची गोष्ट तुला सांगते.

ब्रायन एटकेन नावाचा तरुण, कोलोरॅडोमधे रीतसर हँडगन्स, म्हणजे पिस्तुलं, घेतलेला, घर बदलून जर्सीला आला. जानेवारी २००९ ची गोष्ट. घटस्फोट, लहान मुलाची भेट होत नव्हती, मनाने खचलेला होता, आणि आईला काळजी वाटली म्हणून तिने ९११ ला फोन लावला आणि लगेच ठेवून दिला. पोलीस तरी आले. त्याला परत बोलावलं, गाडी तपासली, डिक्कीत सामानाखाली हँडगन्स निघाल्या, रिकाम्या. ऑगस्ट २०१० मधे त्याला ७ वर्षांची शिक्षा झाली. जर्सीच्या कायद्यात घर बदलताना बंदूक एका घरातून दुसऱ्या घरी नेण्याची सूट आहे, पण जजनी ती सूट ज्युरीला सांगितलीच नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरमधे गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती यांनी शिक्षा कमी केली म्हणून तो सुटला, तोवर काही महिने आत काढले होते. पुढे २०१२ मधे अपील कोर्टाने बंदुकांचा ठपका काढून टाकला पण हॉलो पॉइंट गोळ्यांचा ठेवला. म्हणजे बघ, बंदुकांतून सुटला आणि गोळ्यांत अडकला. त्या आईचा विचार माझ्या मनातून जात नाही, तिने लेकासाठी मदत मागितली होती.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी तुझ्या अमेरिकन मित्रांना माहीत असायचं कारण नाही. तू ग्रीन कार्डवर आहेस. फेडरल इमिग्रेशन कायद्यात स्पष्ट आहे की बंदूक बेकायदा बाळगल्याबद्दल किंवा नेल्याबद्दल दोषी ठरलास तर तू डिपोर्टेबल होतोस, मग ग्रीन कार्ड कितीही वर्षांचं असो. सिटिझन माणसाला तुरुंग होईल आणि तो बाहेर येऊन आपल्या घरी जाईल, तुला तुरुंगानंतर हा देश सोडायला लागू शकतो, आणि मुलगा मात्र इथला नागरिक. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाहीये, हे डोळ्यासमोर ठेवून पुढचा प्रत्येक निर्णय घ्यावास म्हणून लिहितेय. जिथे शंका असेल तिथे वस्तू टेक्सासमधेच ठेवायची, इतकं सोपं ठेव.

आता एकेक वस्तू घेऊ.

एआर-१५. ही आणू नकोस. जर्सीत १९९० पासून असॉल्ट फायरआर्म्सवर बंदी आहे, त्या यादीत कोल्टची एआर-१५ मालिका नावानिशी आहे, आणि वर असंही आहे की यादीतल्या बंदुकीशी जवळपास सारखी असेल ती पण बंद. म्हणजे दुसऱ्या कंपनीची असली तरी पुढेमागे होणारा स्टॉक म्हणजे खांद्याला टेकवायचा दस्ता, पिस्तूल ग्रिप, नळीच्या टोकाचा फ्लॅश हायडर यातलं दोन काही असलं की झालं. टेक्सासमधे दुकानातून जशी मिळते तशी जवळपास प्रत्येक एआर यात बसते. आणि शिक्षा? दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा, ५ ते १० वर्षं. इथल्या दुकानांत जर्सीच्या नियमाप्रमाणे बदललेल्या, फिक्स स्टॉक लावलेल्या रायफली मिळतात आणि तुझीही चांगल्या गनस्मिथकडून निघायच्या आधी तशी करून घेता येते, पण सहा आठवड्यांत घर विकायचं, शाळा बघायची, नोकरी सांभाळायची आणि त्यात हे, मला नाही वाटत हा घोळ घालावा. तुला कोणीतरी सांगेल की अरे कोर्टाने ती बंदी उडवली. अर्धवट खरं आहे. जुलै २०२४ मधे फेडरल जज पीटर शेरिडन यांनी कोल्ट एआर-१५ वरची बंदी घरात स्वसंरक्षणासाठी ठेवण्यापुरती घटनाबाह्य ठरवली, पण त्याच निकालात दहा गोळ्यांच्या मॅगझिनची मर्यादा कायम ठेवली, आणि निकालाला लगेच स्थगिती देऊन प्रकरण अपिलात गेलं. अशा निकालाच्या भरवशावर गाडीत रायफल टाकून हद्द ओलांडायची नसते. टेक्सासमधेच राहणारा भाऊ, मित्र कोणी असेल तर त्याला विक किंवा दे, टेक्सासच्या टेक्सासमधे खाजगी व्यवहार चालतो. मात्र हे तू टेक्सासचा रहिवासी असतानाच उरक. एकदा जर्सीचा झालास की मग टेक्सासमधल्या माणसाला द्यायची तर लायसन्सवाल्या डीलरमार्फतच द्यावी लागेल.

ग्लॉक. ही आणता येईल, आणि तुला ती सोडवत नाही हे मी समजू शकते, माझी पण मी आणलीच होती. पण तिच्यासोबत आलेली १५ गोळ्यांची मॅगझिन्स आणता येणार नाहीत. आधी जर्सीत १५ ची मर्यादा होती, जून २०१८ मधे कायदा झाला आणि त्या डिसेंबरपासून १० आहे. मोठं मॅगझिन जवळ असणं हाच गुन्हा, रिकामं असलं तरी, बंदुकीपासून वेगळं ठेवलं तरी. १८ महिन्यांपर्यंत कैद. तू आत्ताच दहावाली दोन-तीन मागवून घे आणि पंधरावाली सगळी, अक्षरशः सगळी, विक. कपाटाचा खालचा खण, गाडीचा ग्लव्ह बॉक्स, रेंजची बॅग, गराजमधला टूलबॉक्स, जुन्या जॅकेटचे खिसे बघ. मॅगझिन ही फार सरकणारी वस्तू आहे, कुठेही जाऊन बसते.

गोळ्या. तू स्वसंरक्षणासाठी ग्लॉक ठेवतोस म्हणजे तिच्यात हॉलो पॉइंटच असणार, टेक्सासमधे सगळे तेच ठेवतात. जर्सीत हॉलो पॉइंट घरात ठेवता येतात, दुकानातून घेऊन घरी नेता येतात, रेंजवर नेता येतात, आणि याबाहेर जवळ सापडल्या तर गुन्हा. आता परराज्यातल्या घरातून जर्सीच्या घरात नेणं यात बसतं का यावर वकिलांना वाद घालू दे, तू त्यात पडू नकोस. एटकेनचं बघितलंस ना. माझा सल्ला अगदी साधा आहे, एकही गोळी बरोबर आणू नकोस. कोणतीच. निघायच्या आधी रेंजवर जाऊन संपव नाहीतर मित्राला दे. इथे आल्यावर कागदपत्रं झाली की दुकानातून घे. शंभर दोनशे डॉलर्सच्या गोळ्यांसाठी इतका मोठा धोका कोणी घेऊ नये.

शॉटगन आणि .२२ या दोन्ही साधारणपणे आणता येतात. पंपवाल्या शॉटगनला त्रास कमी, सेमी-ऑटो असती आणि सहापेक्षा जास्त काडतुसं मावत असती तर ती असॉल्टच्या व्याख्येत गेली असती. .२२ बोल्ट ॲक्शनचं मॅगझिन दहाचं आहे ना तेवढं बघून घे.

आणि एक गोष्ट जी तू विचारली नाहीस. मुलगा दहा वर्षांचा आहे, टेक्सासमधे वाढलाय, तर घरात छऱ्याची बंदूक असेलच, बीबी गन. टेक्सासमधे ती खेळण्यांच्या शेल्फजवळ मिळते. जर्सीच्या कायद्यात ती फायरआर्म आहे, खऱ्या बंदुकीसारखीच, तिलाही बंदूक घेण्याचं कार्ड नाहीतर परमिट लागतं. मूव्हर्स सामान भरत असताना मुलाच्या खेळण्यांच्या खोक्यात ती हमखास जाते आणि आईवडिलांच्या गावीही नसतं. इतकंच काय, आपण लहानपणी चिंचा पाडायला वापरायचो ती बेचकीसुद्धा इथे बंदी असलेल्या हत्यारांच्या यादीत आहे, तिचं पटण्यासारखं कायदेशीर कारण सांगता आलं नाही तर गुन्हा. मुलाची खोकी तू स्वतः भर.

आता प्रवास. १९८६ चा एक फेडरल कायदा आहे, त्याला सगळे फोपा म्हणतात. त्याचा अर्थ थोडक्यात असा की जिथून निघालास तिथे बंदूक कायदेशीर आणि जिथे पोचणार तिथेही कायदेशीर असेल तर मधल्या राज्यांचा कायदा काहीही असो, तू ती घेऊन पार होऊ शकतोस. अट अशी की बंदूक रिकामी, आणि बंदूक किंवा गोळ्या यातलं काहीही बसलेल्या माणसाच्या हाताला लागणार नाही असं. डिक्की असेल तर डिक्कीत, एसयूव्ही असेल तर कुलूपबंद पेटीत, आणि ग्लव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल याला पेटी म्हणत नाहीत, त्याला कुलूप असलं तरी. यातला दुसरा भाग नीट वाच, जिथे पोचणार तिथेही कायदेशीर. म्हणून एआर आणि पंधरावाली मॅगझिन्स डिक्कीत कितीही कुलपात ठेवलीस तरी फोपा तुला वाचवणार नाही, कारण एडिसनमधे ती कायदेशीर नाहीत.

रस्ता तू बहुतेक आय-३० ने लिटल रॉक, मग आय-४० ने टेनेसी, मग आय-८१ पकडून व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि मेरीलँडचा छोटासा तुकडा, पेनसिल्व्हेनिया आणि शेवटी आय-७८ ने जर्सी असा घेशील. चांगला रस्ता आहे, न्यूयॉर्कला हातही लागत नाही. दोन मुक्काम पडतील, ते टेनेसी आणि व्हर्जिनियात कर, मेरीलँडचा पट्टा वीसेक किलोमीटरचा आहे तो न थांबता पार कर, आणि शेवटच्या दिवशी पेनसिल्व्हेनियातून जर्सीत शिरलास की सरळ घरी. वाटेत भावाकडे जेवण, मित्राकडे चहा, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत थोडी खरेदी, असलं काही नको. जर्सीने घर बदलणाऱ्याला दिलेल्या सवलतीत कारणाशिवाय वाट वाकडी करणं चालत नाही. आधी घर, पेटी आत, मग चहा.

विमानाने पाठवू का असं कोणी सुचवेल. चेक-इन सामानात डिक्लेअर करून, कडक कुलूपबंद केसमधे नेता येते, नियम आहे. पण नेवार्क विमानतळाचं नाव आलं की मला ग्रेग रेव्हेल आठवतो. युटाहचा माणूस, २००५ मधे सॉल्ट लेक सिटीहून पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला निघाला होता, बंदूक रीतसर डिक्लेअर केलेली. नेवार्कला पुढचा प्रवास हुकला, बॅग त्याच्या हातात दिली गेली, तो ती घेऊन रात्रभर हॉटेलात राहिला आणि सकाळी परत चेक-इन करताना प्रामाणिकपणे सांगितलं की बंदूक आहे. अटक. काही दिवस जेलमधे. २०१० मधे फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की बॅग हाताशी होती म्हणून फोपाचं संरक्षण नाही. विमान हुकणं आपल्या हातात नसतं, गाडी असते.

मूव्हर्सच्या ट्रकमधे घालायची असेल तर त्यांना आधी सांगणं बंधनकारक आहे, आणि बऱ्याच कंपन्या बंदुका घेतच नाहीत. स्वतःबरोबर नेणं बरं.

पोचल्यावर ६० दिवस. २०२२ च्या जुलैमधे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कायद्यांचा एक गठ्ठाच सही केला, त्यातला हा तुझ्यासाठी आहे: बाहेरून राहायला आलेल्या बंदूकधारकाने ६० दिवसांत फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड, ज्याला सगळे एफआयडी म्हणतात, ते काढायचं आणि बाहेरून आणलेल्या हँडगनची नोंदणी करायची. आम्ही आलो तेव्हा ही सक्ती नव्हती. ड्रायव्हिंग लायसन्स बदलायलाही तेवढेच ६० दिवस असतात, म्हणून लीजवर सही झाली की पहिल्याच आठवड्यात लायसन्सचं काम कर आणि त्याच आठवड्यात एफआयडीचा अर्ज स्टेट पोलिसांच्या साइटवर भर. अर्ज तुझ्या गावच्या पोलीस खात्याकडे जातो. ठसे द्यायला लागतात, मानसिक आरोग्याच्या नोंदी बघायला संमती द्यावी लागते, आणि दोन संदर्भ लागतात जे तुला ओळखतात पण नातेवाईक नाहीत. त्यांना ईमेल जाते, त्यांनी उत्तर दिलं नाही की अर्ज तिथेच पडून राहतो, तेव्हा फ्रिस्कोतल्या दोन जवळच्या मित्रांना आत्ताच सांगून ठेव की मेल आली की त्याच दिवशी भरा. फी ५० डॉलर. कायद्यात ३० दिवसांत कार्ड द्यावं असं आहे, प्रत्यक्षात खूपदा जास्त लागतात, म्हणून तर म्हणतेय पहिल्या आठवड्यात अर्ज. प्रत्येक पानाची, पावतीची प्रत ठेव. अर्जात काही लपवू नकोस, कधी समुपदेशकाकडे गेला असशील आणि प्रश्न त्याला लागू पडत असेल तर खरं लिही, खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा होतो. पुढे इथे नवीन हँडगन घ्यायची झाली तर प्रत्येकीला वेगळं परमिट, २५ डॉलर, आणि साधारणपणे ३० दिवसांत एकच.

आणि एलटीसी. ते जर्सीत चालत नाही. कोणत्याच राज्याचं चालत नाही. तुला टेक्सासमधे सवय असेल की पोलिसाने अडवलं, आयडी मागितलं आणि बंदूक जवळ असली की एलटीसी पण पुढे करायचं, तिथे तो नियमच आहे. शनीन ॲलन ही फिलाडेल्फियाची, एकटी आई, तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स होतं, २०१३ मधे ॲटलांटिक काउंटीत ट्रॅफिक पोलिसाने थांबवल्यावर तिने स्वतःहून सांगितलं की पर्समधे बंदूक आहे. साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या कैदेची टांगती तलवार तिच्यावर महिनोन्‌महिने होती, शेवटी तिला खटल्याऐवजी सुधारणेच्या कार्यक्रमात घालण्यात आलं आणि २०१५ मधे गव्हर्नर ख्रिस्ती यांनी माफी दिली. इथल्या ग्रेव्ह्ज ॲक्टमुळे परमिटशिवाय हँडगन बाळगली तर पॅरोलआधी किमान ४२ महिने आत राहावं लागतं, जजच्याही हातात फार काही राहत नाही. तेव्हा टेक्सासमधून निघायच्या दिवशी कमरेचं होल्स्टर काढून पेटीत टाक. जर्सीत बरोबर बाळगायचीच असेल तर २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या ब्रुएन निकालानंतर इथेही सामान्य माणसाला परमिट मिळायला लागलंय, पूर्वी जवळपास अशक्य होतं. चार संदर्भ, ट्रेनिंग, २०० डॉलर, दोन वर्षांनी रिन्यू. पण ते सगळं नंतर, आधी घर लाव.

तू लिहिलंस की घरात असली की रात्री बरं वाटतं. वाटू दे, त्यात काही वावगं नाही. आल्यावर चांगली तिजोरी भिंतीला बोल्ट करून घे, मुलगा घरात आहे, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं इथे गुन्हा आहेच पण तो कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. बायकोला ही सगळी यादी दाखव. ती जे म्हणतेय ते भीतीपोटी नाही, तिला हिशोब कळलाय, आणि चारातल्या एकीबद्दल आणि सगळ्या गोळ्यांबद्दल ती बरोबरच आहे.

प्रश्न: मी एच-१बी वर ऑस्टिनमधे आहे. मित्रांबरोबर शिकारीला जातो, हंटिंग लायसन्स काढून एक शॉटगन घेतली होती. आता कंपनी जर्सी सिटीला पाठवतेय. शॉटगन नेऊ का?

उत्तर: नको, विकून टाक, आणि निघायच्या आदल्या दिवशी नाही, या शनिवारी.

कारण सांगते. एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला मनाई आहे. तुझी शॉटगन फक्त एका अपवादावर उभी आहे, ते म्हणजे तुझं वैध हंटिंग लायसन्स. टेक्सासचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. तू मूव्हिंगच्या गडबडीत रिन्यू करायला विसरलास की १ सप्टेंबरच्या सकाळी तीच शॉटगन तुझ्या कपाटात फेडरल गुन्हा होऊन बसते, तू काहीही न करता. आणि जर्सीचं एफआयडी वगैरे त्याच्यावर वेगळं. आत्ता लायसन्स चालू आहे ना, डीलरकडे घेऊन जा, पावती घे, जपून ठेव. ग्रीन कार्ड आलं की परत घेता येईल, शॉटगन कुठे पळून जात नाहीत.

अजून एक, तू विचारलं नाहीस पण जर्सीत २०२२ पासून गांजा दुकानात उघड मिळतो आणि ऑफिसमधली मुलं सहज घेतात. फेडरल कायद्यात तो अजून बेकायदा आहे आणि तो घेणाऱ्याला बंदूक बाळगायला मनाई आहे. व्हिसावर असलेल्याने तर दोन्हीपासून लांब राहावं.

प्रश्न: ताई, माझे मिस्टर गेल्या वर्षी गेले. त्यांना नेमबाजीची आवड होती, दोन पिस्तुलं आणि बऱ्याच गोळ्या कपाटात तशाच आहेत, मी हात लावलेला नाही. आता मी ह्यूस्टनचं घर बंद करून लेकीकडे जर्सीत पार्सिपनीला राहायला जातेय, त्याआधी दोन महिने पुण्याला जाऊन येणार. लेक म्हणते मी येऊन घेऊन जाते, बाबांची आठवण आहे. मला काही सुचत नाही.

उत्तर: काकू, तुम्ही हात लावला नाहीत ते चांगलंच केलंत. आणि ही घाई करायची गोष्ट नाही, पण घर बंद व्हायच्या आधी करायची नक्की आहे.

लेकीला सांगा की आठवण म्हणून बाबांचा मेडल असेल, टोपी असेल, रेंजवरचे फोटो असतील, ते घेऊन जा. वारसाहक्काने आलेली बंदूक दुसऱ्या राज्यात नेण्याची कायद्यात वाट आहे, पण त्यासाठी जर्सीतलं कार्ड, मॅगझिन्सची तपासणी, गोळ्यांचा निकाल, हे सगळं तिला आधी करावं लागेल, आणि दोन दिवस सुट्टी काढून येऊन बॅगेत घालून नेणं हा तो मार्ग नाही. तिने तसं केलं तर तिचंच नुकसान होईल. तिला खरंच हवीच असेल तर आधी तिने वकिलाला विचारावं, कार्ड काढावं, तोवर वस्तू ह्यूस्टनमधल्या डीलरकडे ठेवाव्यात.

नसेल हवी तर जवळच्या लायसन्सवाल्या दुकानाला फोन करा, सांगा की पती वारले, दोन पिस्तुलं आणि गोळ्या आहेत, मी हाताळत नाही. अशा गोष्टी त्यांच्याकडे नेहमी येतात, ते काय कसं आणायचं सांगतील. शक्यतो मिस्टरांचा रेंजवरचा एखादा मित्र बरोबर घ्या, तो पिस्तुलं रिकामी आहेत का बघेल. गोळ्या कचऱ्यात टाकू नका.

आणि काकू, एक फार महत्त्वाचं. पुण्याला जाताना त्यांची कोणतीही बॅग वापरू नका. नेमबाजी करणाऱ्या माणसाच्या बॅगेच्या अस्तरात, खिशात एखादी गोळी राहून जाते, आणि भारतातल्या विमानतळावर एक्स-रेमधे एक जिवंत काडतूस जरी दिसलं तरी आर्म्स ॲक्टखाली पोलिसांकडे जावं लागतं. तिथे प्रवाशाने मुद्दाम नेलं नव्हतं हे सिद्ध व्हायला वेळ जातो, पासपोर्ट अडकतो, वकील करावा लागतो. त्यांचं जॅकेट बरोबर न्यायचं मनात असेल तर न्या, पण प्रत्येक खिसा उलटा करून. ह्यूस्टनला तपासणीत सापडलं तर तिथेही दंड होऊ शकतो. नवीन बॅग घ्या, चाळीस डॉलरची घ्या.

प्रश्न: जर्सीचं कॅरी परमिट मिळालं. क्वीन्सला मामाकडे गणपतीला जाताना बरोबर नेता येईल का?

उत्तर: नाही. न्यूयॉर्क जर्सीचं परमिट मानत नाही, आणि न्यूयॉर्क सिटी तर खुद्द न्यूयॉर्क राज्यातल्या इतर ठिकाणांचं लायसन्ससुद्धा वेगळ्या मंजुरीशिवाय मानत नाही. हॉलंड टनेलमधे शिरण्याआधी नाही, घरून निघण्याआधी तिजोरीत ठेव, कारण जर्सीतही ती गाडीत सोडून देवळात किंवा कोणाच्या घरी जाणं बरं नाही, गाड्या फुटतात. पेनसिल्व्हेनियातल्या नातेवाईकांकडे जायचं असेल तर तिथले नियम वेगळे, ते पुढच्या अंकात घेऊ, त्यावर पाच पत्रं आलेली आहेत.